भूमिगत कोळसा खाणीत नवीन आहात? छत कसं ओळखायचं, कसं धरायचं

चंद्रपूर, वणी, सावनेर, कामठी या पट्ट्यातल्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड) भूमिगत खाणींत सतत नवी माणसं उतरत असतात. कुणाला शेती खाणीत गेल्यामुळे नोकरी मिळालेली असते, कुणी वडिलांच्या जागी आलेला असतो, कुणी मायनिंगचा डिप्लोमा करून. व्हीटीसीतलं (खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातलं) प्रशिक्षण होतं, हेल्मेट आणि कॅप लॅम्प हातात येतो आणि पहिल्या पाळीला इनक्लाइन (खाणीत नेणारा उतरता बोगदा) उतरताना डोक्यावरच्या दगडाची खरी जाणीव होते.

भूमिगत कोळसा खाणींत छत आणि बाजू कोसळून आजवर असंख्य जीव गेले आहेत. स्फोट झाला किंवा पाणी शिरलं की देशभर बातमी होते. छत मात्र एका पाळीत, एका फेसवर (कोळसा काढतात त्या तोंडावर), एकदोघांना गाठतं आणि त्याची बातमी जिल्ह्याच्या पानावरच संपते. म्हणून हे काम नीट शिकून घ्या. खाली दिलेली मापं समजण्यासाठी आहेत. तुमच्या खाणीत लागू असतो तो तुमच्या खाणीचा मंजूर सपोर्ट प्लॅन, म्हणजे छताला आधार कुठे, किती द्यायचा त्याचा आराखडा. तो फेसजवळ लावलेला असला पाहिजे. नसेल तर ओव्हरमनना (पाळीच्या पर्यवेक्षकांना) विचारा, त्यात संकोच नको.

आधी वजनाचा हिशोब

समजा तुम्ही २०० मीटर खोल आहात. खडकाचं वजन घनमीटरला साधारण अडीच टन. म्हणजे तिथे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० टन भार आहे. एक चांगला हायड्रॉलिक प्रॉप (लोखंडी खांब) ४० टनांच्या आसपास पेलतो. तेव्हा वरचा डोंगर खांबांवर किंवा बोल्टवर (छतात बसवलेल्या सळयांवर) उभा नाही हे उघड आहे. तो उभा आहे कोळशाच्या पिलरवर, म्हणजे गॅलऱ्यांच्या (खोदलेल्या बोगद्यांच्या) मध्ये न काढता ठेवलेल्या कोळशाच्या ठोकळ्यांवर.

पिलर २५ मीटर अंतरावर (मध्यापासून मध्यापर्यंत) आणि गॅलरी ४.२ मीटर रुंद असेल, तर पिलरची बाजू उरते २०.८ मीटर. गॅलऱ्यांवरचाही भार त्याच्याच अंगावर येतो आणि ५०० चे चौरस मीटरला सव्वासातशे टन होतात. पिलरची कड थोडी खरवडली, गॅलरी अर्धा मीटर रुंद केली, छतातला कोळसा काढून उंची वाढवली, तर हा हिशोब बिघडतो. नियमाने गॅलरीची रुंदी ४.८ मीटर आणि उंची ३ मीटर यांच्या वर जाऊ द्यायची नसते, त्याचं कारण हेच. दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत छतातला कोळसा काढून गॅलऱ्यांची उंची वाढवलेली होती. २१ जानेवारी १९६० रोजी तिथले पिलर एकामागून एक चिरडत गेले आणि चारशेहून अधिक कामगार आत राहिले. पिलरच्या ताकदीचा नेटका अभ्यास त्यानंतर सुरू झाला. सॅलॅमन आणि मन्रो यांचं १९६७ चं सूत्र त्यातूनच आलं.

मग बोल्ट आणि खांब काय धरतात? गॅलरी खोदल्यावर छताचा खालचा मीटर-दोन मीटरचा भाग सैल होतो. थर एकमेकांपासून सुटू लागतात, खाली झुकतात. तेवढा सैल होणारा भाग धरून ठेवणं, आणि तोही सुटण्याआधी, हे आपलं काम. छत सर्वांत चांगलं असतं ते उघडं पडतं त्या क्षणी. त्यानंतर प्रत्येक तास ते बिघडवतो. उशिरा लावलेले दहा बोल्ट वेळेवर लावलेल्या चारांची बरोबरी करत नाहीत.

छताची ओळख

भारतात कोळशाच्या छताला गुण देण्याची एक पद्धत आहे, सीएमआरआय-आयएसएम आरएमआर (रॉक मास रेटिंग). एकूण १०० गुण. थरांच्या जाडीला ३०, भेगा, स्लिप (गुळगुळीत चिरा) आणि फॉल्ट (खडक सरकलेल्या जागा) यांना २५, हवापाण्याने झिजण्याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि पाण्याच्या पाझराला १०. बेरीज ४० च्या खाली आली तर छत कमजोर, २० च्या खाली फार कमजोर, ६० च्या वर चांगलं.

या गुणांत ताकदीला फक्त १५ आहेत. नवा माणूस दगडावर हातोडी मारतो, दगड कठीण लागतो आणि तो निश्चिंत होतो. पण कठीण दगडही पातळ थरांचा असेल, त्यात तिरप्या स्लिप असतील, तर तो मोठे मोठे तुकडे करून खाली येतो. आधी थर किती जाड आहेत ते बघा, मग भेगा कुठे जातात ते बघा, मग बाकीचं.

शेलच्या (पातळ थरांच्या मातकट दगडाच्या) छतावर पावसाळ्यात जास्त लक्ष लागतं. दमट हवा आत येते, शेल ओल धरतो, त्याच्या पापुद्र्या सुटतात. मे महिन्यात ठणठणीत वाटलेली गॅलरी ऑगस्टमध्ये सांडायला लागते. अशा ठिकाणी छताला लागून थोडा कोळसा मुद्दाम सोडतात, म्हणजे शेलला हवा लागत नाही. तो कोळसा तिथे का ठेवलाय ते कळलं की "एवढा चांगला कोळसा वाया" असं मनात येणार नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरवून घ्या. छतात गोल किंवा लंबगोल रेघ दिसली, कडेला चकचकीत गुळगुळीत पातळ थर दिसला, तर ती जागा संशयाची. प्राचीन झाडांच्या बुंध्यांचे दगड बनून छतात अडकलेले असतात. त्यांची बाजू गुळगुळीत असल्याने ते कुठलाही आवाज न करता एकदम निसटतात. अशा गोलातच भोक पाडू नका, धक्क्याने तो निसटू शकतो. भोवतीच्या पक्क्या खडकात बोल्ट लावून त्यांना जोडणारी पट्टी गोलाखालून घ्यायची.

फेसवर पोहोचल्यावर

ब्लास्टिंग झालं, धूर निघून गेला, सरदाराने (त्या भागाची सुरक्षा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) गॅस आणि छत पाहिलं. त्यानंतरच पुढे. तिथपर्यंत शेवटच्या पक्क्या बोल्टच्या ओळीखाली थांबायचं. सगळ्या लेखातून एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: आधार नसलेल्या छताखाली एक पाऊलही नाही. ड्रिल रॉड उचलायला नाही, वायर गोळा करायला नाही, "दोन मिनिटांत येतो" म्हणून तर मुळीच नाही. छत पडण्याचे बरेच अपघात तोंडाजवळच्या नव्याने उघड्या पडलेल्या छताखालीच होतात.

पाहायचं कसं? लॅम्पचा प्रकाश सरळ वर मारला तर छत सपाट दिसतं आणि भेगा लपतात. प्रकाश छताला घासून जाईल असा तिरपा टाका, भेगांच्या सावल्या उठून दिसतील.

मग ठोकून ऐकायचं. आधार असलेल्या जागी उभं राहून लांब सब्बलने छत हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर खडक एकसंध. बद्द, पोकळ आवाज आला तर वरचा थर सुटलेला आहे. जिथे हात पोहोचतो तिथे दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठोका. सुटलेला थर बोटांना थरथरताना कळतो, आवाजात फरक कळत नसला तरी. पंखा आणि लोडर चालू असताना आवाज नीट ऐकू येत नाही, त्या वेळी बोटांवर जास्त विश्वास ठेवा. पण एक इशारा: फार जाड थर सुटलेला असेल तर तोही खणखणीत वाजू शकतो. म्हणून ठोकणं ही पहिली परीक्षा आहे, शेवटची नव्हे.

जुन्या ड्रेसरसोबत (सैल दगड पाडणाऱ्या माणसासोबत) पहिले काही आठवडे हेच करा. तो एका ठोक्यात कळवतो, तुम्हाला पाच लागतील. लागू द्या.

ड्रेसिंग

सैल दगड खाली आणणं म्हणजे ड्रेसिंग. हे अनुभवी माणसाचं काम आहे. नव्या माणसाने बाजूला उभं राहून बघायचं, लॅम्प धरायचा आणि पळण्याची वाट मोकळी ठेवायची.

बाहेरून आत, चांगल्या छताकडून वाईटाकडे जायचं. सब्बल सरळ उभी धरायची नाही, कारण सुटलेला दगड तिच्यावरून घसरत हातावर येतो. तिरकी धरा, स्वतः बाजूला राहा, भेगेत टोक घालून उचकटा. ठोकून दगड पाडायचा प्रयत्न करू नका. मागे केबल, टब, दगड काही पडलेलं नको. आणि ड्रेसिंग चालू असताना खाली दुसरं कोणतंही काम नाही, कोळसा भरण्याचंही नाही.

उचकटून दगड येत नसेल तर? तो मजबूत आहे असं समजायचं नाही. त्याच्याखाली आधार द्या आणि सरदाराला सांगा.

तात्पुरता आधार

बोल्टसाठी भोक पाडणारा माणूस नव्या छताखाली जाणारच, त्यामुळे त्याच्या आधी तिथे काहीतरी उभं राहायला हवं. आपल्याकडे त्यासाठी बहुधा सफारी सपोर्ट वापरतात, स्क्रूने उंची कमी-जास्त होणारे पाइपाचे खांब. शेवटच्या ओळीखालून हात पुढे करून पहिला लावायचा, मग त्याच्या आडोशाने दुसरा. खालची जमीन साफ करून घट्ट तळावर टेकवा. भुसभुशीत कोळशावर उभा केलेला सपोर्ट डोळ्यांना आधार वाटतो, छताला नाही.

बोल्ट लागून त्यांना ताकद येईपर्यंत सफारी काढायचे नाहीत. पाळी संपत आली की हे विसरलं जातं.

बोल्ट

हा भाग सावकाश वाचा, कारण यातल्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. वाईट लावलेला बोल्ट खालून चांगल्या बोल्टसारखाच दिसतो.

चार पातळ फळ्या एकावर एक ठेवून मध्ये वजन द्या, त्या सहज वाकतात. त्याच फळ्या एकमेकींना पक्क्या चिकटवल्या तर त्यांचा ताठपणा सोळा पट होतो. बोल्ट छताच्या थरांना असंच एकत्र शिवतो. वर एखादा भक्कम थर असेल तर खालचे थर त्याला टांगूनही धरतो.

सामान्य उदाहरण घेऊ. गॅलरी ४.२ मीटर. एका ओळीत ४ बोल्ट, बाजूपासून ०.६ मीटर आणि एकमेकांत १ मीटर. ओळींमधलं अंतर १.२ मीटर. बोल्ट १.५ किंवा १.८ मीटर लांब, २० ते २२ मिलिमीटर जाडीची टीएमटी सळई, खाली १५० × १५० × ६ मिलिमीटरची प्लेट. समजा छताचा १ मीटर जाडीचा थर सुटला. एका ओळीच्या वाट्याला ४.२ × १.२, म्हणजे पाच चौरस मीटर आले. घनमीटरला २.३ टन धरले तर साडेअकरा टन, प्रत्येक बोल्टला सुमारे २.९ टन. सिमेंट कॅप्सूलने बसवलेल्या बोल्टने अर्ध्या तासात ३ टन आणि दोन तासांत ५ टन पकड द्यावी ही अपेक्षा कुठून येते, ते यावरून कळेल. आणि एका ओळीत एक बोल्ट कमी लावला तर बाकीच्या तिघांवर काय येतं, तेही.

२२ मिलिमीटरच्या चांगल्या सळईचं पोलाद १५ टनांहून अधिक ताण सहज घेतं. म्हणजे बोल्ट फसतो तो सळई तुटून क्वचितच, पकड सुटून जास्त. तेव्हा लक्ष द्यायचं ते भोक आणि कॅप्सूल यांच्याकडे.

भोक सरळ आणि ठरलेल्या लांबीचं हवं. बोल्टपेक्षा थोडं आखूड, म्हणजे आट्यांचा भाग प्लेट आणि नटसाठी बाहेर राहतो. जास्त खोल पाडलं तर कॅप्सूल वर निघून जातात आणि खालचा भाग पोकळ राहतो. भोक पाडून झालं की पाण्याने किंवा हवेने धुऊन भुकटी काढा. भुकटी राहिली तर सिमेंट खडकाला धरतच नाही, भुकटीला धरतं. भोक पाडताना ड्रिल एकदम पुढे सरकली, किंवा पाण्याचा रंग बदलला, तर वर भेग किंवा वेगळा थर आहे. ते लगेच सांगा. छताच्या आतली माहिती देणारा तुमच्याइतका जवळचा माणूस त्या वेळी दुसरा कुणी नसतो.

सिमेंट कॅप्सूल पाण्यात बुडवायची, बुडबुडे येणं थांबलं की बाहेर काढायची आणि लगेच वापरायची. कमी भिजली तर आत कोरडी पूड राहते. बादलीत तशीच पडून राहिली तर पातळ होते किंवा हातातच घट्ट व्हायला लागते. एका भोकाला लागतील तेवढ्याच भिजवा. पाळीच्या सुरुवातीला सगळ्या एकदम भिजवून ठेवण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती मोडलीच पाहिजे. फाटलेली, ओल लागलेली, गोठलेली कॅप्सूल परत करा.

बोल्ट फिरवत फिरवत शेवटापर्यंत ढकला. तोंडाशी सिमेंट दिसलं तर भोक भरलं असं समजायला हरकत नाही. नाही दिसलं तर कॅप्सूल कमी पडल्या. मग प्लेट छताला सपाट टेकवून नट आवळा. प्लेटची एक कड हवेत राहत असेल तर छताचा तिथला उंचवटा आधी काढून टाका.

रेझिन कॅप्सूल असेल तर वेळेचा खेळ आणखी कडक. २२ मिलिमीटरच्या बोल्टला भोक २७-२८ मिलिमीटरचंच लागतं. मोठं झालं तर रेझिन आणि त्याचा हार्डनर नीट मिसळत नाहीत, प्लॅस्टिकची पिशवी आतच गुंडाळून राहते. लवकर घट्ट होणारी कॅप्सूल वर, उशिरा होणारी खाली. कंपनीने सांगितलेल्या सेकंदांइतकंच फिरवायचं, मग न हलवता धरून ठेवायचं. घट्ट होऊ लागलेलं रेझिन पुन्हा फिरवलं की मोडतं आणि परत जुळत नाही. माझं मत विचाराल तर पाणी पाझरणाऱ्या छताला रेझिनच चांगलं. सिमेंट स्वस्त आहे, पण वाहत्या पाण्यात ते धुऊन जातं.

पकड तपासायला पुल टेस्ट करतात. हायड्रॉलिक जॅकने निवडक बोल्ट ओढून बघतात. ही टेस्ट चाललेली दिसली की जवळ थांबून आकडा विचारा. तुमच्या हातच्या कामाचा निकाल असतो तो.

खांब, चॉक, स्टिचिंग

बोल्ट आले म्हणून खांब गेले नाहीत. लाकडी खांब छताला लिड (खांबाच्या डोक्यावरची लाकडी फळी) आणि पाचर देऊन ताठ बसवायचा. उताराच्या सीममध्ये (कोळशाच्या थरात) तो चढाच्या बाजूला किंचित कललेला ठेवतात, म्हणजे छत सरकायला लागलं तर तो आणखी घट्ट होतो. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, लिड चेपते. हा इशारा लोखंडी खांब देतोच असं नाही.

चॉक म्हणजे दोन बाजूंनी सपाट केलेले ओंडके आडवे-उभे रचून केलेला चौकोनी ठोकळा. तो मोठा भार घेतो, पण छताला पाचरींनी घट्ट लागलेला असेल तरच. वर चार बोटं फट असलेला चॉक नुसती लाकडाची रास असते.

खराब छताच्या लांब पट्ट्यात रूफ स्टिचिंग करतात. दोन्ही बाजूंना पिलरच्या वर जातील अशी तिरपी भोकं पाडून त्यात जाड वायर रोपची टोकं सिमेंटने बसवतात आणि रोप छताखालून ताणून घेतात. छोटे तुकडे सांडत असतील तर जाळी, पातळ थर असतील तर ओळीतल्या बोल्टांना जोडणारी डब्ल्यू स्ट्रॅप (पोलादी पट्टी).

जंक्शन आणि बाजू

चार गॅलऱ्या मिळतात तिथे छताचा गाळा कर्णाने मोजला तर गॅलरीच्या जवळजवळ दीडपट होतो. म्हणून जंक्शनला बोल्ट दाट लागतात. आणि नेमकं तिथेच लोक डबा खायला बसतात. बसायची जागा ओव्हरमनना विचारून ठरवा.

बाजूंकडे कमी लक्ष जातं. उंच गॅलरीत पिलरची कड फुगून निघते आणि माणसाला दाबते. कोळशाच्या भेगा बाजूला समांतर असतील तर जास्तच. पाठ टेकण्याआधी बाजूही सब्बलने ठोकून बघा.

छत बोलत असतं, लिहून ठेवा

टेल-टेल हे साधं यंत्र आहे. छतात एक अँकर बोल्टच्या उंचीच्या आत आणि एक त्याच्या वर असतो, खाली लटकणाऱ्या रंगीत पट्ट्यांवर दोन्हींची हालचाल दिसते. खालचा अँकर सांगतो की बोल्ट लागलेला थर सैल होतोय. वरचा सांगतो की बोल्टच्याही वर काहीतरी सुटतंय, आणि ते जास्त गंभीर, कारण तिथे आपले बोल्ट दगडासकट खाली येऊ शकतात. एकूण किती मिलिमीटर झालं यापेक्षा कालपासून किती वाढलं ते महत्त्वाचं.

यंत्राशिवायची लक्षणंही आहेत. बारीक खपल्या पडणं, भेगेतून धूळ गळणं, प्लेट वाकणं, कोरड्या छतातून पाणी सुरू होणं, बाजू सांडणं, कट्कट् आवाज. यातलं एक दिसलं की सरदाराला. दोन-तीन एकदम दिसली की आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, सांगणं बाहेर आल्यावर.

डिपिलरिंगच्या पॅनेलमध्ये

इथे मुद्दाम पिलर काढून मागे छत पाडलं जातं. नवा माणूस या पॅनेलमध्ये एकटा फिरत नाही. गोफच्या (कोळसा काढून छत पाडलेल्या जागेच्या) कडेला रांगेने लावलेल्या चॉक आणि बोल्टांच्या पलीकडे जायचं नाही. आधार काढायचे ते सिल्व्हेस्टरने (साखळीने खेचण्याच्या अवजाराने) दुरून ओढून, हाताने ठोकून कधीच नाही. गोफमध्ये मोठं छत बराच वेळ लटकून राहिलं तर पडताना त्याखालची हवा जोराने बाहेर फेकली जाते आणि माणसं उडतात. "आज शांत आहे" हे इथे चांगलं लक्षण नव्हे. बाहेर पडण्याची वाट आणि जमण्याची जागा पाळी सुरू होताना विचारून घ्या.

मॉयलच्या (सरकारी मँगनीज कंपनीच्या) भूमिगत मँगनीज खाणींत, भंडारा-नागपूर-बालाघाट पट्ट्यात, पद्धत वेगळी असते. तिथे खनिज काढलेली पोकळी वाळू भरून बंद करत वर सरकतात आणि गरजेनुसार लांब केबल बोल्ट वापरतात. पाहणं, ठोकणं आणि ड्रेसिंग मात्र तिथेही असंच.

पाळी सोडताना

फेसवरून निघण्याआधी पुढच्या पाळीच्या माणसाला चार गोष्टी समोरासमोर सांगा: शेवटची पक्की ओळ कुठे आहे आणि तिच्यापुढे किती छत उघडं आहे, शेवटचे बोल्ट किती वाजता लागले, कोणत्या जागी आवाज बद्द आला, आणि टेल-टेलवर काय आकडा होता. संशयाच्या जागेवर चुन्याने खूण करा, तोंडाशी आडवी काठी लावून वाट बंद करा. रिपोर्ट बुकात सरदार लिहितीलच. पण भोक पाडताना ड्रिल कुठे एकदम सरकली होती ते फक्त तुम्हालाच माहीत असतं, ते त्यांना लिहायला सांगूनच वर या.